बिनधान्याचं ताट

काष्टीला माझी खोली बाजारतळाच्या मागे होती. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी त्या खोलीत चाळीस दिवस अंडी, मासे आणि बोकडाचं काळीज शिजवलं. माझे वडील नगरला शाळामास्तर, आजोबा भिक्षुकी करायचे. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे. कुणीतरी केडगावच्या पाहुण्यांना सांगितलं, पाहुण्यांनी आईला. आईचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती, 'ऐकते ते खरं का?' मी उलट टपाली लिहिलं, 'खरं आहे. भेटीत सांगेन.' भेटीत सांगितलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आजवर कुणाला सांगितलं नाही.

मी ग्रामसेविका होते. श्रीगोंदे तालुक्यातली सहा गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या माझ्याकडे. पुष्कळांना वाटायचं, ही शिवणकाम शिकवणारी बाई. शिवणकाम होतंच, पण खरं काम आहाराचं. पिशवीत ताणकाटा, मुलांच्या वजनाची वही आणि गुंडाळी केलेला एक मोठा तक्ता. तक्त्यावर ताटाचं चित्र : भाकरी-चपाती, डाळ-उसळ, दूध, पालेभाजी. देवळाच्या ओट्यावर तक्ता टांगायचा, बायका जमवायच्या, त्यांच्यासमोर काहीतरी शिजवून दाखवायचं. बायका ऐकून घ्यायच्या आणि घरी जाऊन आपलं तेच करायच्या. एका घरी मी बिनधुराची चूल घालून दिली होती. महिन्यानं गेले तर चुलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. 'पिल्लं निगाली की पेटवीन की बाई,' घरधनीण म्हणाली. माझ्याच चुलीत निघालेली ती अकरा पिल्लं मी मोजून आले, दुसरं काय करणार!

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या तक्त्यावरचं ताट चित्रातच राहिलं. ज्वारी उगवलीच नाही. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा, त्याची भाकरी तव्यावरच तुटायची. माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेली. कामावर आणि वाड्यांवर सुकडी आली. भाजलेलं गव्हाचं पीठ, गूळ आणि तेल एकत्र करून केलेला तो कोरडा खाऊ. लहान मुलांना ती पाण्यात शिजवून पेजेसारखी द्यायची. वाटपावर देखरेख माझी. खरं सांगते, मला त्या दिवसांत माझ्या नोकरीचा अभिमान वाटत होता. पायांच्या काड्या झालेली पोरं दोन महिन्यांत पळायला लागलेली मी डोळ्यांनी पाहिली. वहीतले आकडे वर चढत होते.

काष्टीपासून चारेक मैलांवरच्या एका वाडीत हौसा नावाची बाई होती. वय असेल पंचवीस-सव्वीस. नवरा दगडू पाझर तलावाच्या कामावर. घरात दोन मुलं, चार वर्षांची छबू आणि दीड वर्षाचा नामदेव. नामाचं तेव्हा नुकतंच अंगावरचं दूध तुटलं होतं. हौसाला मीच सांगितलं, 'मिलो त्याला पचायचा नाही. तीन वेळा सुकडीची पेज दे.' तिनं दिली. पोराला हगवण लागली. मी मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, काष्टीच्या दवाखान्यातून गोळ्या आणून दिल्या. हगवण थांबली, पुन्हा लागली. पोट नगाऱ्यासारखं झालं, हातपाय वाळले. संक्रांतीच्या आधी नामा गेला. त्या वर्षी वाड्यांवरून मुलं जात होती. मी वहीत त्याच्या नावापुढे 'हगवण' असं लिहिलं आणि हौसाजवळ घटकाभर बसून आले.

महिन्याभरानं छबूचं तसंच सुरू झालं. मी वजन करायला गेले तर पोर काट्याला लटकल्यावर रडलीसुद्धा नाही. हौसा मला बाजूला घेऊन म्हणाली,

'बाई, एक सांगू का? रागवायचं न्हाई.'

'बोल ना.'

'ही सुकडीच हिला बाधतीया. ज्या दिशी देत न्हाई त्या दिशी पोट जरा बरं ऱ्हातं.'

मला राग आला. आधीच गावात कुणीतरी उठवलं होतं की सुकडीत काहीबाही मिसळतात. त्या अफवेशी मी गेले तीन महिने भांडत होते. मी आवाज चढवला. 'अगं, वाडीतली सगळी पोरं सुकडीवर सुधारली. तुझ्याच पोरीला कशी बाधेल? तू पोटभर देत नसशील.'

मी तिथेच बसले. वाटीत सुकडी कालवली, छबूची हनुवटी धरली आणि माझ्या हातानं तिला भरवली. पोर मान फिरवत होती. मी 'शहाणी ना ती?' म्हणत एकेक घास आत ढकलत होते. वाटी संपली तसं तिनं सगळं माझ्या लुगड्यावर ओकलं. मी पुन्हा अर्धी वाटी कालवली. ती पोटात राहिली. मी हौसाकडे 'बघ' अशा नजरेनं पाहिलं आणि निघाले. पुढच्या तीन आठवड्यांत दोनदा वाडीवर गेले, दोन्ही वेळा स्वतः भरवून आले.

तिसऱ्या खेपेला छबूला उभं राहता येईना. तिच्या कातडीला चिमटा घेतला तर चिमटा तसाच उभा राहिला. तलावावर सामान टाकून परत जाणारा ट्रक थांबवला आणि हौसाला, छबूला घेऊन मी नगर गाठलं.

तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, बोलणं कमी. त्यांनी पोट दाबून पाहिलं, सलाइन लावलं. मग स्टूल ओढून हौसासमोर बसल्या. मी सरकारी भाषेत हकिगत सांगायला लागले तर म्हणाल्या, 'तुम्ही थांबा. आईला विचारते.'

'हिला खायला काय आवडतं?'

'बाजरीची भाकर. कोरडी बी खाती.'

'आणि काय आवडत नाही?'

हौसानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

'सुकडी. पर ती द्यायाच लागती. बाई सोता येऊन भरवत्यात.'

'कधीपासून?'

'दसऱ्यापासनं.'

'आणि पोट कधीपासून बिघडलं?'

'त्याच्या म्होरं दोन-तीन आठवड्यांत. आदी थोडं, मंग लई.'

'दुष्काळाआधी घरात गहू खायचात?'

'गहू कुटला वो आमच्यात? सनाला पोळी, तेवडीच. पोळी खाल्ली की हिचं दोन दिस बिघडायचं. आमी म्हनायचो, पोरीला गोडाचं सोसत न्हाई.'

डॉक्टरीणबाईंनी छबूचं पोट पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'काही मुलांच्या आतड्याला गहू विषासारखा लागतो. मी पुस्तकात वाचलंय, आपल्याकडे असं मूल पाहिलेलं नाही. मला खात्री नाही. पण ही बाई सांगते ते सगळं त्याच्याशी जुळतंय.'

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. गहू? जो आम्ही आजारी माणसाला देतो, बाळंतिणीला देतो, तक्त्यावर ज्याची चपाती काढलेली आहे, तो? मी विचारलं, 'बाई, गव्हानं कुणी मरतं का?' त्या म्हणाल्या, 'ही मरायलाच टेकली आहे.'

ती हनुवटी आठवली, आणि माझी दोन बोटं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आणि तेवढ्यात हौसानं अगदी साध्या आवाजात विचारलं,

'मंग माजा नामा बी ह्याच्यानंच गेला का?'

डॉक्टरीणबाईंनी नामाचं विचारून घेतलं. वय, पोट, पेज, सगळं. 'सांगता येत नाही,' त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, 'असू शकेल. भावंडांत असतं.'

हौसा रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. छबूच्या पायावर पदर ओढला आणि हात तिथेच ठेवून बसली. मी बाहेर व्हरांड्यात आले. माझी वहीची पिशवी तिथे बाकावर होती. ती मला उचलवेना.

चार दिवसांनी छबू जरा डोळे उघडून बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. 'हिचं आतडं आतून पार झिजलंय. काही आठवडे गहू तर नाहीच, पण दुसरंही धान्य नको. डाळ नको, शेंगदाणे नकोत, दूधही नको. नंतर ज्वारी-बाजरी हळूहळू देऊ. गहू मात्र जन्मभर नाही.'

मी म्हटलं, 'मग उरलं काय?' माझ्या तक्त्यावरचं जवळजवळ सगळं ताट त्यांनी पुसून टाकलं होतं.

'पुष्कळ उरलं. अंडी, मासे, मटण, कंद, भाज्या, फळं. माणूस शेती करायच्या आधी काय खात होता?' मग माझ्या बोलण्यावरून घरचं शाकाहारी वळण ओळखून त्यांनी विचारलं, 'तुम्हाला जमेल का?'

दवाखान्यातून जेवण म्हणून पाव-दूध आणि वरणभात यायचा. वाडीवर पाणी टँकरचं, तेही दोन दिवसांआड. मी दोघींना काष्टीला माझ्या खोलीवर आणलं. रजा टाकली. घरमालकीण भली बाई होती, त्यांच्यात मटण चालत होतं. पण मी अंड्यांची पिशवी घेऊन दारात शिरले तेव्हा त्या धुणं तसंच टाकून बघत राहिल्या.

पहिलं अंडं मी पाट्यावर वरवंट्यानं फोडलं. सगळं पाट्यावर सांडलं. छबू आजारी पडल्यापासून हौसा तेव्हा पहिल्यांदा हसली. 'बाई, अंडं हाय, नारळ न्हवं!' तिनं दुसरं घेतलं, वाटीच्या काठावर टिचकी मारली आणि एका हातानं उघडलं. सहा गावांच्या बायकांना शिजवून दाखवणारी मी, एका अंड्यापुढे शिकाऊ झाले.

मग आम्ही दोघी मिळून शिकलो. सगळ्यात आधी आळणी. म्हणजे बोकडाची हाडं, हळद, आलं-लसूण आणि मीठ घालून दोन तास उकळून गाळलेलं पाणी. त्यात तिखट नाही, पीठ लावायचं नाही. दर दोन तासांनी चार चमचे. मी नाकाला पदर लावून ढवळायचे. पाचव्या दिवशी छबूनं चमचा स्वतः ओढला. मग रताळं. आठवडी बाजारात बागायतदारांकडची रताळी अजून येत होती. निखाऱ्यात भाजायचं, साल काढायचं, कुस्करायचं आणि वर खोबरं किसायचं. तसाच लाल भोपळा. दारात शेवगा होता. पाऊस नसला तरी त्याला पाला असतोच. कोवळा पाला बारीक चिरून अंड्यात फेटायचा आणि तव्यावर धिरड्यासारखा पसरायचा. छबूनं त्याला 'हिरवी भाकर' नाव ठेवलं. काळीज वाफवून पाट्यावर वाटायचं आणि आळणीत कालवायचं. पहिल्या दिवशी ते वाटताना मी डोळे मिटले होते. आठवड्यानं गाठ राहिली म्हणून मी हौसाला पुन्हा वाटायला लावलं.

दगडू सुट्टीच्या दिवशी यायचा. नदीतले डोह आटत चालले होते आणि मासे कडेला गाळात सापडायचे. ओल्या फडक्यात गुंडाळून तो मरळ आणायचा. त्या माशाला काटे कमी, लहान पोराला बरा. वाफवून, काटे काढून, कोकमाच्या पाण्याबरोबर द्यायचा. पोरीला मधल्या वेळेला काहीतरी हातात हवं असायचं. त्यासाठी केळ्याच्या चकत्या कौलांवर वाळवल्या. बाभळीचा डिंक तव्यावर फुलवून, सुकं खोबरं आणि खजूर घालून कुटला आणि बोराएवढे लाडू वळले. हे सगळं मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं, आणि निम्मं हौसाला आधीपासून येत होतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तीन आठवड्यांत छबू भिंतीला धरून चालायला लागली. आणि मग पाडवा आला. मी पोस्टात गेले होते, हौसा पाणी भरायला. घरमालकिणीच्या घरी पुरणपोळ्या. दारात बसलेलं ते वाळकं पोर बघून त्यांचा जीव कळवळला. सणाच्या दिवशी पोरीला रताळं? त्यांनी अर्धी पोळी तूप लावून तिच्या हातात दिली. आम्ही परत आलो तेव्हा छबू बोटं चाटत होती.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. मला क्षणभर वाटलं, आणि हे लिहायला अजून लाज वाटते, मला वाटलं, बरं झालं. काही झालं नाही तर गव्हाचं ते सगळं खोटं ठरेल. माझी सुकडी निर्दोष सुटेल. नामाच्या नावापुढे मी लिहिलं तेच खरं राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोर ओकायला लागली. तीन दिवसांत तीन आठवड्यांची कमाई गेली. डोळे पुन्हा खोल. अर्धी पोळी! घरमालकीण दारात बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होत्या. 'मी काय वाईट दिलं गं? पुरनाची पोळीच दिली ना?' त्यांना काय सांगणार? हे वाक्य माझंच होतं.

आम्ही परत आळणीच्या चमच्यापासून सुरुवात केली. या वेळी खोलीत गव्हाचा कणही ठेवला नाही. माझ्या चपातीचं पीठसुद्धा मी घरमालकिणीकडे देऊन टाकलं आणि त्या दोघींबरोबर रताळी-भोपळा खाल्ला. चाळिसाव्या दिवशी ताणकाट्यावर लटकल्यावर छबूनं असा काही गळा काढला की शेजारचे धावत आले. मला तो आवाज फार आवडला. वैशाखात डॉक्टरीणबाईंनी बाजरी सुरू केली. कुठून तरी शेरभर मिळाली. पहिल्या भाकरीचा पापुद्रा छबूनं काढला, वास घेतला आणि आईला न देता एकटीनं खाल्ला.

कामावर हजर झाल्यावर मी तालुक्याच्या साहेबांना सगळं लेखी दिलं. साहेब वाईट माणूस नव्हते. कागद दोनदा वाचून म्हणाले, 'बाई, एका पोरीसाठी सुकडी बंद करू का? बाकीच्यांचं काय?' मी म्हटलं, 'बंद नका करू. पण एखादी आई म्हणाली की बाधते, तर तिचं लिहून घ्यायला रकाना हवा.' ते म्हणाले, 'तसा रकाना छापील वहीत नाही.' त्यांचंही बरोबर होतं. सुकडीनं त्या वर्षी किती मुलं वाचवली ते मी स्वतः पाहिलंय. मी माझ्या वहीत हातानं एक रेघ मारून रकाना केला. वर लिहिलं, 'आई काय म्हणते'. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वहीत मी ती रेघ मारत आले. त्यात बरंच निरुपयोगी भरलं, थोडं उपयोगी.

त्या पावसाळ्यात चांगला पाऊस झाला. पुढच्या वर्षी माझी बदली पारनेरकडे झाली, म्हणून निरोप घ्यायला वाडीवर गेले. हौसानं जेवायला थांबवून घेतलं. चुलीपुढे ती भाकरी थापत होती, छबू अंगणात शेळीच्या करडामागे पळत होती. गाल भरले होते. मी वर्षभर जे बोलणार होते ते तोंडाशी येऊन अडत होतं. शेवटी म्हटलं,

'हौसा, नामाचं माझ्या हातून झालं. तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही.'

तिचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

'नामाच्या येळंला मी कुटं सांगितलं व्हतं, बाई? छबूच्या येळंला सांगितलं.'

तिनं पिठाचे हात झटकले.

'नामाच्या येळंला बी मला दिसत व्हतं,' ती म्हणाली. 'पेज दिली की पोरगं आकडायचं. चार दिस मी पेज दिली न्हाई तर ते हसायला बी लागलं. मंग तुमचा वजनाचा दिस आला. वजन कमी भरलं तर बाई बोलतील म्हनून मी आदल्या दिशी परत दिली.'

तिनं भाकरी उलटली. चुलीतला जाळ थोडा पुढे ओढला.

'तुमाला ठावं न्हवतं. मला ठावं व्हतं, तरी भरवलं. तुमी रडू नका. मला इचारा मी कशी झोपते ते.'

भाकरी फुगली. तिनं ती काढून माझ्या ताटात ठेवली, शेजारी कांदा फोडला. बाहेरून छबू ओरडत आली, तिला करडू सापडलं होतं. हौसानं पदरानं तोंड पुसलं आणि तिला म्हणाली, 'हात धू आदी. बाईंच्या पंगतीला बस.'